यंत्रणा थांबली तर काम कोणाला येते? – डिजिटल समाज आणि एआयवरील अवलंबित्व

मुठाकाठ (धागालेखक)

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना ती भडकली आणि शासनाच्या ७०९ ऑनलाइन यंत्रणा एकाच वेळी बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठवणारी जी-ड्राइव्ह ही व्यवस्था तर कायमचीच गेली. तिच्यात ८५८ टेराबाइट माहिती होती आणि इतक्या मोठ्या साठ्याची दुसरी प्रत इतरत्र ठेवलेलीच नव्हती. डिजिटल शासनात जगातल्या पहिल्या काही देशांत ज्याची गणना होते, अशा देशात हे घडले.

या बातमीवर आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. मात्र माझा विषय आगीच्या पुढचा आहे. डेटा सेंटर जळले की निदान सगळ्यांना कळते. खिडकीवर रांगा लागतात, वर्तमानपत्रांत मथळे येतात आणि दुरुस्ती सुरू होते. एआयवर विसंबल्याने होणारे नुकसान असे डोळ्यांना दिसत नाही, कारण यंत्र चालू असते, काम वेळेवर होत असते आणि त्याच वेळी ते काम जाणणाऱ्या माणसाची नजर मंदावत जाते.

याचा एक पुरावा पोलंडमधून आला आहे. तेथील चार केंद्रांत मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना २०२१ च्या अखेरीस एआयची मदत मिळू लागली. पडद्यावरील संशयास्पद गाठ यंत्र आपणहून दाखवते. एआय येण्यापूर्वी हे डॉक्टर २८.४ टक्के रुग्णांमध्ये पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी शोधत होते. एआयची सवय झाल्यानंतर त्याच डॉक्टरांनी एआयविना ज्या तपासण्या केल्या, त्यांत हे प्रमाण २२.४ टक्क्यांवर आले. हे नवशिके नव्हते. प्रत्येकाच्या हाताखालून दोन हजारांहून अधिक तपासण्या गेलेल्या होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये लॅन्सेट समूहाच्या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो निरीक्षणावर आधारलेला असल्यामुळे सगळी घट एआयमुळेच झाली असे ठामपणे म्हणता येत नाही, हे मान्य आहे. तरीही इतक्या अनुभवी माणसांच्या बाबतीत इतक्या थोड्या काळात हे दिसावे, याने मला अस्वस्थ केले.

पुण्यात आपण याच दिशेने वेगाने चाललो आहोत. नोकरीचा अर्ज आधी यंत्र वाचते, कर्जाची पात्रता यंत्र ठरवते, सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त यंत्र लिहिते, मुलांचे निबंधही तेच लिहू लागले आहे. यांतली एकेक सोय पाहिली तर तीत आक्षेपार्ह काही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या कामात एआय आणायचे, त्या कामाची माणसाने करण्याची वाट चालती राहिली पाहिजे, आणि ती केवळ नियमावलीत नव्हे, तर प्रत्यक्ष वापरात राहिली पाहिजे. आपापल्या क्षेत्रात ही वाट आज कितपत चालती आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त_रोखपाल

‘प्रत्यक्ष वापरात’ या शब्दांवर आपण दिलेला भर अगदी योग्य आहे, कारण नियमावलीतली वाट कशी बुजते हे मी जवळून पाहिले आहे.

निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो आणि अंथरुणाला खिळलेल्या कित्येकांची त्यामुळे खरोखरच सोय झाली आहे. गेल्या हंगामात आमच्या शेजारच्या आजींसोबत मी शहरातल्या एका बँकेच्या शाखेत गेले होते. आयुष्यभर धुणीभांडी आणि शिवणकाम केल्यामुळे त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत, त्यामुळे अंगठा उमटत नाही. म्हणून चेहऱ्याचा प्रयत्न झाला. ॲप त्यांना डोळे मिचकावण्यास सांगत होते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. खिडकीवरचा तरुण कर्मचारी शांतपणे म्हणाला, “आजी, सिस्टीम घेत नाहीये. पट्टी निघाली की या.”

कागदी दाखल्याचा नमुना आजही अस्तित्वात आहे. आजी समोर उभ्या होत्या, ओळखपत्र हातात होते. अधिकाऱ्याने पाहावे, सही घ्यावी आणि स्वतःची सही करावी, एवढेच काम होते. परंतु असा नमुना असतो हेच त्या मुलाला ठाऊक नव्हते. आतल्या केबिनमधून एक ज्येष्ठ अधिकारी बाहेर आल्या, त्यांनी तो छापून घेतला आणि चहा होण्याच्या आत काम झाले. तो मुलगा उद्धट नव्हता की कामचुकार नव्हता. त्याला ते काम कोणी दाखवलेच नव्हते. त्या बाई निवृत्त झाल्यानंतर त्या शाखेत आजींना कोण ओळखणार, हा प्रश्न मनातून जात नाही.

हिंजवडीकर

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. धागालेखकांचा मुद्दा मला पटतो, परंतु त्याला आणखी एक बाजू आहे आणि ती व्यक्तीच्या कौशल्यापेक्षा मोठी आहे.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. अनेकांनी त्याची छायाचित्रे गंमत म्हणून पाठवली, पण मला त्यात एक महत्त्वाची गोष्ट दिसली: पासवर काय काय लिहावे लागते हे माहीत असलेली माणसे तेव्हा काउंटरवर होती, म्हणून विमाने उडाली.

जुलै २०२५ मधली घटना याहून गंभीर आहे. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर नायरा एनर्जी या भारतात तेलशुद्धीकरण करणाऱ्या कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. येथे काहीही बिघडलेले नव्हते. दुसऱ्या खंडात झालेल्या एका निर्णयामुळे भारतातल्या कंपनीचे ई-मेल थांबले होते. आज आपण जी एआय साधने वापरतो त्यांपैकी बहुतेकांची मॉडेले परदेशी कंपन्यांच्या मालकीची आहेत. उद्या रुग्णालयांतील अहवाल, न्यायालयांतील भाषांतरे आणि शेतकऱ्यांचे सल्ले त्यांच्यावर उभे राहिले, तर असा एक निर्णय किती लोकांना अडवू शकेल याचा विचार करावा.

पुणेकरांना हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतरच १९८८ मध्ये आपल्या शहरात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा भारतीय महासंगणक तयार झाला. त्या वेळी नकार यंत्र येण्यापूर्वीच मिळाला, हे एका अर्थी आपले भाग्य होते. यंत्रावर सगळा कारभार चढवल्यानंतर नकार आला असता, तर तो पचवणे फार अवघड गेले असते.

आमच्या कामात कौशल्य आटण्याचा अनुभव येतो का, असे विचाराल तर येतो. नव्याने आलेले सहकारी हुशार आहेत, एआयकडून कोड लिहून घेतात आणि तो चालतोही. तो का चालतो, आणि मध्यरात्री बंद पडला तर शोध कोठून सुरू करायचा, या प्रश्नाला मात्र पूर्वीपेक्षा कमी जणांकडे उत्तर असते. छोट्या-मोठ्या चुका स्वतः निस्तरत आमची पिढी शिकली; आता त्या चुका त्यांच्या वाट्यालाच येत नाहीत.

तरीही माझा एक आक्षेप आहे. दोन वाटा चालत्या ठेवणे हे खर्चाचे काम आहे. तो खर्च कोणी करायचा, हे धाग्यात आलेले नाही.

दृष्टीपल्याड

मी जन्मापासून अंध आहे आणि वरील सगळे प्रतिसाद स्क्रीन रीडरने वाचून हे लिहीत आहे. माझे मत या धाग्याच्या सुरापेक्षा वेगळे आहे, आणि ते मोकळेपणाने मांडतो.

आपण ज्या ‘माणसाच्या वाटे’बद्दल बोलता, ती माझ्यासाठी कधीच सरळ नव्हती. बँकेचे पत्र शेजाऱ्याकडून वाचून घ्यावे लागे; म्हणजे माझ्या खात्यात किती पैसे आहेत हे आधी त्याला कळे आणि मग मला. औषधाची बाटली, विजेचे बिल, लग्नपत्रिका, वैद्यकीय अहवाल, सगळ्यांसाठी कोणाची तरी सवड पाहावी लागे. आज फोन समोर धरला की एआय ते वाचून दाखवते आणि छायाचित्रात काय आहे तेही सांगते. याला अवलंबित्व म्हणायचे असेल तर जरूर म्हणा, परंतु पूर्वी मी माणसांच्या मर्जीवर अवलंबून होतो, हेही त्याच वाक्यात म्हणा.

शिवाय सरकारी खिडकीच्या आठवणी इतक्या गोड करून सांगू नयेत. सातबारा ऑनलाइन मिळू लागण्यापूर्वी एका उताऱ्यासाठी किती खेपा घालाव्या लागत आणि कोणाच्या हातावर काय ठेवावे लागे, हे मावळातल्या आणि मुळशीतल्या माणसांना विचारावे. यंत्र आजींचा डोळा ओळखत नाही हे वाईटच आहे. पण खिडकीवरचा माणूस माणसाची जात आणि कपडे मात्र नेमके ओळखत असे.

मुठाकाठ

दृष्टीपल्याड, तुमचा प्रतिसाद या धाग्याला आवश्यक होता. ज्यांच्यासाठी जुनी वाट बंदच होती, त्यांना ती जपा असे सांगणे अन्यायाचे आहे, हे मला मान्य आहे. एक प्रश्न विचारतो: तुम्ही वापरता त्या साधनाने औषधाच्या मात्रेचा आकडा चुकीचा वाचला, तर ते तुम्हाला कसे कळते?

दृष्टीपल्याड

कळत नाही, आणि म्हणूनच औषधांच्या बाबतीत मी आजही औषधवाल्याकडून खात्री करून घेतो आणि बाटलीवर ब्रेलची पट्टी लावतो. ब्रेल मी सोडलेले नाही. आमच्यातील अनेक तरुणांनी ‘आता आवाज आहे ना’ म्हणून ब्रेल शिकणेच सोडले आहे. त्यांना शुद्धलेखन जमत नाही, कारण शब्द त्यांनी केवळ ऐकलेले असतात, बोटांखालून गेलेले नसतात. एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूचा आहे.

आकडेमोडे

लॉगरिथमची कोष्टके गेली, पाढे गेले, दूरध्वनी क्रमांक पाठ करणे गेले. समाज बुडाला नाही. प्रत्येक पिढीला आपलीच कौशल्ये अखेरची वाटतात. हे भय अतिरंजित आहे असे माझे मत आहे.

वारजेची_शिक्षिका

आकडेमोडे, गणकयंत्राने भागाकार करून दिला, तरी कशाला कशाने भागायचे हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागत असे. आता ते ठरवण्याचे कामही यंत्राकडे जात आहे, आणि शाळेत आम्ही जे शिकवतो ते नेमके तेवढेच असते.

तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग येथे पाहण्यासारखा आहे. गणिताच्या सरावासाठी एका गटाला साधा चॅटबॉट दिला. सरावात त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. परंतु नंतर चॅटबॉटविना परीक्षा घेतली तेव्हा, ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्या मुलांपेक्षा त्यांचे गुण १७ टक्क्यांनी कमी आले. दुसऱ्या गटाला असा चॅटबॉट दिला होता की जो उत्तर न देता केवळ पुढची पायरी सुचवत असे. त्या मुलांची सरावातली प्रगती आणखी मोठी होती आणि परीक्षेतला तोटा जवळपास नाहीसा झाला. म्हणजे साधन घातकच असते असे नाही. ते कोणत्या रीतीने हातात दिले जाते यावर पुष्कळ काही ठरते.

माझ्या नववीच्या वर्गात ‘माझ्या परिसरातील नदी’ या विषयावर आलेल्या निबंधांत मुठेचे पाणी निर्मळ होते आणि काठावर पक्ष्यांचा किलबिलाट होता. त्यांतली कित्येक मुले रोज म्हात्रे पुलावरून नाक दाबून जातात. मी त्यांना रागावले नाही. दुसऱ्या दिवशी वही-पेन घेऊन आम्ही नदीपात्रात गेलो आणि जलपर्णी, प्लास्टिक, म्हशी धुणारा माणूस, काळ्या पाण्यात उभा असलेला एकुलता एक बगळा, असे जे दिसले ते तिथेच लिहिले. भाषा ओबडधोबड होती, पण प्रत्येक वहीतली नदी वेगळी होती. मुलांनी यंत्राची मदत घेतली याचे मला तितकेसे वाटत नाही; पाहिलेले सोडून न पाहिलेले लिहिताना त्यांना काहीच खटकले नाही, याची मला काळजी वाटते.

मोडीवाचक

या शहरात एका समाजाने सामूहिकरीत्या गमावलेले कौशल्य पाहायचे असेल, तर पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर पाहावे. तेथे मोडीतील कोट्यवधी कागद आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकलेल्या साध्या कारकुनाला मोडी सहज वाचता येत असे. छपाई बाळबोधीत म्हणजे देवनागरीत, शाळा बाळबोधीत, कचेऱ्याही बाळबोधीत, असे होत गेले आणि त्या काळी तो निर्णय सोयीचाच होता. कोणी मोडीवर बंदी घातली म्हणून ती गेली नाही. ती रोजच्या कामातून उठली, एवढेच पुरेसे झाले. आज जमिनीच्या वादात आजोबांच्या हातचा कागद निघाला की कुटुंबे मोडी जाणणाऱ्याच्या शोधात फिरतात.

रुरकीच्या आयआयटीने २०२५ मध्ये मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारे एआय मॉडेल मांडले आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. परंतु त्याला शिकवण्यासाठी दोन हजारांहून अधिक पृष्ठप्रतिमा लागल्या आणि त्यांचे लिप्यंतर जाणकारांनी तपासून द्यावे लागले. जाणकारच उरले नसते तर यंत्राला शिकवले कोणी असते आणि ते ‘दत्तक’च्या जागी ‘दफ्तर’ वाचते आहे हे पकडले कोणी असते?

शिवाजीनगर_कोर्ट

वकील म्हणून दोन गोष्टी नोंदवतो.

ब्रिटनमधील टपाल खात्याच्या होरायझन या संगणकप्रणालीत हिशेब चुकत होते. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उपटपालचालकांना चोरी, अपहार किंवा खोट्या हिशेबांसाठी दोषी ठरवण्यात आले. संगणक नीट चालतो असे गृहीत धरण्याची तेथील न्यायालयांची रीत होती, त्यामुळे चूक यंत्राची आहे हे सिद्ध करण्याचा भार व्यवहारात त्या गरीब दुकानदारांवर पडला. अखेर २०२४ मध्ये संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. होरायझन हे एआय नव्हतेच, साधी हिशेबप्रणाली होती. नेदरलँड्समध्ये मात्र बालसंगोपन अनुदानातील गैरव्यवहार शोधण्यासाठी स्वतः शिकणारी जोखीमप्रणाली वापरली गेली, तीत नागरिकत्व हाही एक निकष होता, आणि हजारो कुटुंबांवर खोट्या वसुलीची वेळ आली. त्या प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. दोन्ही ठिकाणी ‘हे बरोबर दिसत नाही, मी हे थांबवतो’ असे म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस वेळेवर पुढे आला नाही.

दुसरी गोष्ट उपयोगाची आहे. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. अधिसूचित सेवेसाठीचा अर्ज फेटाळायचा असेल तर कारणे लेखी द्यावी लागतात, त्यावर वरिष्ठांकडे अपील करता येते आणि शेवटी आयोगाकडेही जाता येते. ‘सिस्टीम घेत नाही’ हे तोंडी उत्तर ऐकून घरी परतू नये. ते लेखी मागावे, कारण लिहून द्यायचे म्हटले की कोणाला तरी सही करावी लागते आणि सही करणारा एकदा तरी प्रकरण स्वतः वाचतो.

मुठाकाठ

हिंजवडीकरांनी विचारलेल्या खर्चाच्या प्रश्नाकडे वळतो.

जे देश या वाटेने आपल्या आधी पुढे गेले, ते आता हा खर्च जाणीवपूर्वक करू लागले आहेत. स्वीडनमध्ये दुकानांतल्या दहा व्यवहारांपैकी जेमतेम एक रोखीने होतो. त्याच देशाच्या सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये घरोघरी पाठवलेल्या आपत्कालीन पुस्तिकेत निदान आठवडाभर पुरेल एवढी रोकड घरात ठेवण्यास सांगितले आहे. नॉर्वेने ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोखीने पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्याने बळकट केला. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवरून मतदान होते, पण मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन कागदी मत दिले तर आधीचे इलेक्ट्रॉनिक मत रद्द होते. अखेरचा शब्द कागदाचा आहे. २०१७ मध्ये तेथील सुमारे ७ लाख ६० हजार ओळखपत्रांच्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष आढळला आणि त्यांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली, अशा वेळी दुसरी वाट किती मोलाची असते हे सांगायला नको.

आपल्याकडे हा खर्च सेवा विकत घेणाऱ्या संस्थेने करावा, असे माझे मत आहे. महापालिका, विद्यापीठ, सहकारी बँक, रुग्णालय, जो कोणी एआय प्रणाली घेईल त्याने तिच्या किमतीतच माणसांच्या सरावाचा खर्च धरावा. बचतीचा आकडा सांगताना हा खर्च वगळला जातो, म्हणून ती बचत प्रत्यक्षाहून मोठी दिसते.

हिंजवडीकर

हे मान्य करता येण्यासारखे आहे. मी विक्रेत्याच्या बाजूला बसतो, म्हणून निविदेत काय लिहावे ते सांगतो. मोघम लिहिले तर आमच्यासारखे लोक ‘मानवी देखरेख उपलब्ध’ असे एक वाक्य टाकून मोकळे होतात.

प्रणालीचा निर्णय बदलण्याचा अधिकार कोणत्या पदाला आहे, हे नावानिशी लिहावे. त्या पदावरील व्यक्तीने वर्षभरात किती निर्णय बदलले याची नोंद मागावी. एकही बदललेला नसेल तर देखरेख चाललेली नाही असे समजून चौकशी करावी. ठरावीक काळाने काही प्रकरणे यंत्राचे उत्तर न दाखवता माणसांकडून सोडवून घ्यावीत आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. पोलंडमधल्या डॉक्टरांची घटही एआयविना केलेल्या तपासण्या ताडून पाहिल्यामुळेच उघड झाली. करार संपला किंवा सेवा थांबली तर सगळी माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, हे आकड्यांत लिहून घ्यावे. आणि निवृत्त_रोखपाल यांनी सांगितलेला कागदी नमुना प्रत्येक खिडकीवर ठेवावा, तसेच नव्या कर्मचाऱ्याने पहिल्या महिन्यात तो स्वतः भरून दाखवावा, अशी अट घालावी.

निवृत्त_रोखपाल

शेवटच्या अटीत एक भर सुचवते. तो नमुना मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असावा, आणि दृष्टीपल्याड यांच्यासारख्यांसाठी ब्रेलमध्येही असावा. आमच्या प्रभागातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या वतीने परिसरातल्या शाखांना असे पत्र देण्याचे मी मनावर घेतले आहे. शिवाजीनगर_कोर्ट यांनी मसुदा एकदा नजरेखालून घातला तर बरे होईल.

शिवाजीनगर_कोर्ट

अवश्य पाठवा. बँका लोकसेवा हक्क अधिनियमाच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे पत्रात त्याचा आधार घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेचा उल्लेख करा आणि पोहोच घ्यायला विसरू नका.